चवदार तळ्याचे बाबासाहेब

(तृतीय वर्ष कला)

पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमचे गाव आहे. पावसाळ्यात पाऊस महिना महिना खळत नाही आणि एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. टँकर वरच्या वाडीच्या विहिरीत रिकामा होतो. खालच्या अंगाच्या बौद्धवाडीतील बायका तेथे येतात, पण आमच्या वाडीचे हंडे भरेपर्यंत बाजूला उभ्या राहतात. त्यांना थांबा असे कोणी सांगत नाही. मग त्या का थांबतात, हा प्रश्न मला महाडला कॉलेजात येईपर्यंत कधी पडलाच नव्हता.

दर वर्षी २० मार्चला त्या वाडीतील माणसे महाडला जात. मी लहानपणी आजीला विचारले, तर आज त्यांची जत्रा असते, एवढेच उत्तर मिळाले होते. ज्या थोर पुरुषाच्या आठवणीसाठी ही माणसे जमतात, त्याचे चरित्र मी कॉलेजच्या ग्रंथालयात वाचले, आणि ते 'त्यांचे' चरित्र नसून आपल्या सर्वांचे आहे असे मला वाटू लागले.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पण त्यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील सैन्यात सुभेदार. शाळेत या हुशार मुलाला वेगळे बसावे लागे आणि कोणी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, अशा मोठमोठ्या पदव्या त्यांनी मिळवल्या. परंतु १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होताच राहायला खोली मिळेना, आणि कचेरीतले शिपाईही त्यांचा विटाळ मानू लागले. पदवीने माणूस विद्वान होतो, पण समाज त्याला माणूस मानतोच असे नाही, हे त्यांना तेथे पुरते कळून चुकले.

१९२३ मध्ये रावबहादूर बोले यांच्या ठरावामुळे मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळेही कागदावर खुले झाले. पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. या तळ्याचे पाणी मुसलमान घेत, गुरेढोरे पीत. फक्त हिंदू म्हणवणाऱ्या अस्पृश्याला ते बंद! आपल्याच धर्मात राहिल्याची ही शिक्षा म्हणावी लागेल.

दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आदींच्या खटपटीने १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले व मागोमाग सर्वांनी घेतले. थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जेवायला बसलेल्या, घरी निघालेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. त्या गर्दीत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी गडी होते. बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता. पण त्यांनी हात उचलू दिला नाही. पुढे तळ्यात शेणगोमूत्राच्या घागरी ओतून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. ब्राह्मणांना वगळाल तर आम्ही तुमच्याबरोबर येतो, असे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी कळवले होते. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध जन्माला नसून उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा लावून विरोधकांनी मनाईहुकूम आणल्यामुळे प्रत्यक्ष सत्याग्रह त्या वेळी स्थगित करावा लागला. न्यायालयीन झगडा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

पुढील गोलमेज परिषदा व १९३२ चा पुणे करार आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला अधिक जवळची वाटली ती दुसरीच गोष्ट. आम्ही कुणबी. माझे पणजोबा खोताचे कूळ. पिकवायचे आमच्या लोकांनी आणि कोठार भरायचे खोताचे, अशी कोकणाची रीत. ही खोती मोडण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनीच मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. ज्यांना आम्ही विहिरीपासून दूर ठेवले, त्यांचा पुढारी आमच्या जमिनीसाठी भांडत होता, आणि आमच्या घरात त्याची तसबीरही नाही!

घटना तयार होत असताना चवदार तळे त्यांच्या डोळ्यांसमोर असले पाहिजे, असे मला वाटते. पंधराव्या कलमात विहिरी, तळी व स्नानघाट यांचा नावाने उल्लेख आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तरीही कायद्याने मने बदलत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. हिंदू म्हणून मरणार नाही, ही १९३५ साली येवल्याला केलेली प्रतिज्ञा त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारून पुरी केली. ६ डिसेंबरला त्यांचे महानिर्वाण झाले. खेड्यातील महारवाड्याची बौद्धवाडी झाली. पण गावाने तिची जागा मात्र बदलली नाही.

मित्रहो, पाहुणे आले की आपण त्यांना रायगड दाखवतो, शिवथरघळीला नेतो, उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे उभे करतो. चवदार तळ्यावर आपल्यापैकी किती जण पाहुण्यांना घेऊन जातात?

गेल्या मे महिन्यात गावी टँकर आला, तेव्हा मी आमचा हंडा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवर बसून तिने विचारले, की त्या आंबेडकरांनी महाडच्या तळ्यावर नेमके केले तरी काय? तेव्हा तिला जे सांगितले, तेच येथे लिहिले आहे. ऐकून ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी हंडा मी ठेवला होता तेथून तिने हलवला नाही.