रंग गेले, रेषा उरली

आधीच कबूल करते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या तासाला मी बाकाखाली इंग्लिश कादंबऱ्या वाचायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण ही गोष्ट मला मराठीतून, माझ्या आजोबांकडून कळली.

गेल्या वर्षी निकाल लागला आणि मला वाय.डी. लागली. हॉस्टेलवर या दोन अक्षरांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्या मुली नवीन वर्षासाठी रूम वाटून घेत होत्या आणि मी बॅग भरून माधवनगरला घरी निघाले. घरी सगळे धीर द्यायचे. मावशी तर रोज सकाळी मोबाईलवर सुविचार पाठवायची की संकट हीच संधी असते. खरं सांगते, मला त्याचा फार राग यायचा. ज्याचं वर्ष गेलंय त्याला विचारा ना, संधी कुठे दिसते ते!

आजोबा मात्र काही बोलले नाहीत. एके दिवशी ते मला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे गंज चढलेला एक लोखंडी नांगर पडला होता. तू मेकॅनिकलची ना, मग हा नांगर पहिल्यांदा कुणी केला ते सांग, असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. एडिसनवर मी शाळेत निबंध लिहिला होता, पण आमच्याच रेल्वे लाईनवर, माधवनगरहून पुण्याकडे जाताना काही स्टेशनं पुढे ज्यांच्या नावाचं गाव आहे, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मग आजोबांनी सांगायला सुरुवात केली. पुढे मीही थोडं वाचलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. अभ्यासापेक्षा त्यांना चित्रं काढण्यात आणि यंत्रं खोलण्यात रस. वडिलांना चित्रकलेचं शिक्षण पसंत नव्हतं, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोन वर्षं गेल्यावर लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही. डोळ्यांतच दोष होता. विचार करा, घरच्यांच्या मनाविरुद्ध चित्रकार व्हायला आलेला मुलगा आणि त्याला रंगच कळत नाहीत!

इथे दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. मी तेच केलं होतं. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्या हातात काय उरलंय ते पाहिलं. रंग गेले होते, पण हात स्थिर होता आणि रेषा बिनचूक येत होती. यांत्रिक रेखाटनाला, म्हणजे आपल्या मेकॅनिकल ड्रॉइंगला, रंग लागत नाहीत. आपण रात्रभर जागून ज्या शीटची जीटी मारतो, तोच विषय त्यांनी धरला आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तो शिकवूही लागले. नोकरी करता करता तिथली यंत्रं खोलून, जोडून शिकले.

पण तिथेही ठेच लागली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला. हे वाचून मला बरं वाटलं. मोठी माणसं अन्याय मुकाट्याने गिळतात असा माझा समज होता. लक्ष्मणराव चिडले, फक्त चिडून बसून राहिले नाहीत.

बेळगावात रामूअण्णांबरोबर त्यांचा सायकलींचा धंदा होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ सालापासून धरतात ती यामुळेच. नोकरी सोडून बेळगावला आल्यावर दुरुस्तीच्या लहानशा कारखान्यात त्यांनी गुरांसाठी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली. आपला एक प्रोजेक्ट गाईडने परत पाठवला तर आपण आठवडाभर मेसमध्ये त्यांच्या नावाने बोटं मोडतो. इथे दोन वर्षं माल पडून होता. पण पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर हाकणाऱ्या माणसाला उगाच भीती वाटत नाही. त्याची जमीन बिघडली तर घर उपाशी राहणार. त्याच्या हातात नांगर पडून त्याची खात्री पटेपर्यंत दम धरणं भाग होतं, आणि तो त्यांनी धरला.

धंद्याला जरा बरे दिवस आले तोच बेळगावच्या नगरपालिकेची नोटीस आली. तिथे नवं उपनगर वसवायचं होतं, कारखान्याची जागा सोडा. अशा वेळी लक्ष्मणराव औंधच्या देवीच्या मंदिरातील सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा घ्या म्हणून सांगितलं आणि दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं. गंमत म्हणजे हे राजे स्वतः चित्रकार होते. ज्याला रंग दिसत नव्हते त्याला आधार मिळाला तो एका रंगवेड्या राजाचा!

जागा निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर. नुसता माळ. निवडुंग माजलेला, त्यात नागांचा सुळसुळाट, पाण्याची बोंब. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं सोबत होती. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभूराव जांभेकर इंजिनिअर, व्यवस्थापक आणि वेळ पडली तर डॉक्टरही. अनंतराव फळणीकर शिक्षणात नापास झालेले, पण कल्पक इंजिनिअर ठरले. (हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय!) रात्रीच्या राखणीला कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्यासाठी शिक्षा झालेले. ते विश्वासाला जागले. म्हणजे लक्ष्मणराव स्वतःकडे ज्या नजरेने पाहायचे, त्याच नजरेने माणसांकडेही. काय बिघडलंय यापेक्षा काय शिल्लक आहे, हे आधी.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा लाकडाच्या कोळशावर काम भागवलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवायला जुन्या तोफा दिल्या. तोफांचे नांगर झाले! पुढे याच माळावर उसाचे चरक, पंप तयार होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात.

हे सगळं ऐकून झाल्यावर मला एक गोष्ट पटली. मावशीचा सुविचार अर्धाच आहे. रंग न दिसणं ही काही संधी नव्हती, ते नुकसानच होतं. चित्रकार व्हायचं स्वप्न कायमचं गेलं. संधी संकटात तयार ठेवलेली नसते. जे उरलंय त्याच्यावर मेहनत केली तर ती तयार होते. आणि एकट्याने होत नाही. रामूअण्णा नसते, बाळासाहेब नसते, तर हा माळ माळच राहिला असता.

मी त्या रात्री वहीचं पान दोन भागांत दुमडलं. एकीकडे गेलेलं, दुसरीकडे उरलेलं. गेलेलं म्हणजे एक वर्ष, वर्गातल्या मैत्रिणी आणि बराचसा रुबाब. उरलेलं म्हणजे ड्रॉइंग, वर्कशॉप आणि रिकामे महिने. ज्युनिअर मुलीकडे जाऊन एम-थ्री समजावून घे, हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण गेले. तिने एकदाही मला वाय.डी. म्हणून हिणवलं नाही.

यंदा एम-थ्री सुटला, काठावर का होईना. एक विषय अजून बाकी आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी आणि आजोबांनी मिळून त्या नांगराचा गंज घासून काढला. फाळ अजून शाबूत आहे.