शेट प्रेमचंद रायचंद

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी निदान चित्रात तरी पाहिला असेल. ज्यांच्या देणगीने तो उभा राहिला, त्या शेट प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र जितके अद्भुत तितकेच बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म इ. स. १८३१ मध्ये सुरतेच्या एका जैन कुटुंबात झाला. बालपणीच ते मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि दलालीच्या धंद्यात पडून आपल्या तल्लख बुद्धीने अल्पकाळातच पुढे आले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल आले. पाच वर्षांत मुंबईस नेहमीच्या किमतीहून सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मिळाले. रोज नव्या पेढ्या व कंपन्या निघू लागल्या, आणि प्रेमचंद या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला!

एवढे शहाणे लोक या नादी कसे लागले? लाभ ठरलेल्या दिवशी, ठरलेला मिळाला असता, तर तो थांबताच त्यांनी हात आवरला असता. परंतु आज दुप्पट, उद्या काही नाही, परवा पुन्हा घबाड, अशा स्थितीत पुढची खेप आपलीच, ही आशा सुटत नाही. वैनगंगेतील ढिवर रिकामे जाळे ओढूनही पुन्हा टाकतो, ती त्याची चिकाटी होय. बाजारात मात्र तीच वृत्ती फास ठरली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारताच दर वेळी दाणा मिळालेले कबुतर दाणा बंद होताच लवकर कंटाळे. कधी मिळे, कधी न मिळे, असे कबुतर मात्र कितीतरी वेळ चोच मारीतच राही.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापूस उतरला, आणि १ जुलै या वायद्याच्या दिवशी कोणाजवळच द्यावयास पैसा उरला नाही. प्रेमचंदांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेने दिलेली मोठमोठी कर्जे बुडाली व अखेर ती बँकही बुडाली. असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. यात प्रेमचंदांचा दोष होता, हे आम्हांस नाकारता येत नाही.

त्यांची स्वतःची संपत्तीही गेली. तथापि त्यांनी पुन्हा धंदा उभारला. भरभराटीत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लक्ष व मातोश्री राजाबाईंच्या नावे मनोऱ्यासाठी २ लक्ष रुपये दिले होते. मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद १९०६ साली निवर्तले.

शेअरांचे कागद रद्दी झाले, दिलेले दान तेवढे टिकले. विद्यार्थिमित्रहो, एकदा नेमका पाठ केलेलाच प्रश्न परीक्षेत आला, म्हणून जो पुढेही चार प्रश्नांच्या भरवशावर बसतो, तो याच फासात मान घालतो. त्याने त्या मनोऱ्यावरील घड्याळाकडे पाहावे. त्याचे ठोके कोणाच्या नशिबाने नव्हे, नेमल्या वेळी पडतात.