पिंपरीच्या मातीतून बुरशीवर औषध काढणारे डॉ. थिरुमलाचार

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीनं अनेकांचे डोळे गेले. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी विदर्भातले नातेवाईक वणवण फिरले. त्याच कुळातलं एक औषध १९६१ मध्येच पुण्याजवळच्या पिंपरीत सापडलं होतं. ते शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एम. जे. थिरुमलाचार.

१९१४ साली जन्मलेले थिरुमलाचार मूळचे बुरशी आणि पिकांवरच्या रोगांचे अभ्यासक. पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात ते संशोधनाचे प्रमुख होते. मातीतल्या एका जिवाणूपासून त्यांच्या चमूनं हॅमायसिन तयार केलं. जिवाणूलाही गावाचंच नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना.

शरीरात खोलवर शिरलेल्या बुरशीच्या रुग्णांवर अमेरिकेत त्याच्या चाचण्या झाल्या. पण तोंडानं घेतलेलं औषध रक्तात पुरेसं उतरेना, म्हणून ते मागे पडलं. वरून लावायला मात्र कामी आलं. त्यांच्याच प्रयोगशाळेतलं ऑरिओफंजिन तर शेतात पोहोचलं, धानाच्या करप्यावरही वापरलं गेलं.

१९९९ मध्ये ते गेले. अंगात शिरलेल्या बुरशीवर आजही औषधं मोजकीच आहेत. म्हणून शुगर ताब्यात ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टेरॉइड घेऊ नका.