ग्रेटहेड आणि दोन फटी

सिव्हिलवाल्यांना ग्रेटहेड हे नाव टनेलिंगच्या धड्यात एका ओळीपुरतं भेटतं. व्हायव्हात शील्डच्या पुढे हे नाव सांगितलं की सुटलो! पण ह्या माणसाबद्दल वाचायला लागलो आणि सबमिशन बाजूला राहिलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

जेम्स हेन्री ग्रेटहेडचा जन्म ६ ऑगस्ट १८४४ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रॅहॅम्सटाऊनचा. पंधराव्या वर्षी इंग्लंडला आला आणि विशीत पीटर बार्लो ह्या इंजिनिअरच्या हाताखाली शिकला. त्या काळी थेम्सखालून बोगदा म्हटलं की कंत्राटदार लांबूनच हात जोडायचे. ब्रुनेल बापलेकांचा बोगदा १८२५ मध्ये सुरू झाला तो उघडायला १८४३ उजाडलं, आणि मधे नदी पुन्हा पुन्हा आत शिरून मजूर बुडाले होते. त्यामुळे १८६९ मध्ये बार्लोने टॉवर सबवेचा घाट घातला तेव्हा काम घ्यायला कुणी पुढे येईना. चोवीस वर्षांच्या ग्रेटहेडने ९,४०० पौंडांत ते घेतलं. त्या वयात आपण कॅम्पस इंटरव्ह्यूला घाबरतो! वर्षाच्या आत बोगदा पार झाला.

युक्ती अशी, की गोल लोखंडी शील्ड पुढे ढकलायची, तिच्या आडोशाने माती काढायची आणि मागे ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून कडं बसवायचं. शील्ड कड्यापेक्षा थोडी मोठी असते. ती पुढे सरकली की कडं आणि माती ह्यांच्यात बारीक फट उरते. ती तशीच सोडली तर वरची जमीन बसणार, घरांना तडे जाणार. ग्रेटहेडने त्या फटीत चुन्याचं ग्राउट भरलं, पुढे तर दाबाखालच्या हवेने भरायचं यंत्रच केलं. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी इथे आहे.

सिटी अँड साउथ लंडन रेल्वेचं काम १८८६ मध्ये सुरू झालं. तिथे त्याने हायड्रॉलिक जॅक वापरले, पाणथळ थरात दाबाखालची हवा वापरली. १८ डिसेंबर १८९० ला ही जगातली पहिली खोल विजेची रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. डब्यांना दारं फक्त टोकांना, तिथे जाळीचं फाटक, आणि ते उघडायला माणूस. म्हणजे चढता-उतरताना कुणीतरी बघणारं होतं.

पुढची सेंट्रल लंडन रेल्वे. तिच्या इंजिनिअरांत फाउलर आणि बेकर ह्यांच्याबरोबर तोही होता. खाजगी जमिनीखालून गेलं तर मालकाला पैसे द्यावे लागत, म्हणून बोगदे रस्त्यांच्या खालून नेले. रस्ते जुन्या लंडनचे, वाकडेतिकडे. बँक स्टेशनात तर प्लॅटफॉर्मच धनुष्यासारखा वाकला. आता गणित करा. डबा सरळ, प्लॅटफॉर्म वाकडा. डब्याचं मध्य आणि टोक ह्यांच्यातला फरक म्हणजे लांबीचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. डबा १६ मीटर आणि त्रिज्या १०० मीटर धरली तर उत्तर ३२ सेंटीमीटर. फूटभर! प्लॅटफॉर्म वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर फट डब्याच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूला असेल तर मध्याशी. पुढे दारं डब्याच्या मधेही आली, फाटकवाला गेला आणि फट प्रवाशाच्या पायाखाली उरली. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये फटीपासून जपा अशी रेकॉर्ड केलेली सूचना सुरू झाली.

ह्याचा दोष ग्रेटहेडला द्यावा असं मला वाटत नाही. २१ ऑक्टोबर १८९६ ला तो गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि ही लाइन सुरू झाली १९०० मध्ये. कड्याबाहेरची फट ग्राउटने बुजली, कारण कडं आणि माती जागचे हलत नाहीत. गाडीला मात्र घासल्याशिवाय पुढे जायचं असतं, तेव्हा वळणावर आतली फट भरणार कशी? सूचना म्हणजे उपाय नव्हे, हे माझं मत. त्यापेक्षा वळणावर स्टेशनच नको. आपल्या मुंबईच्या मेट्रो ३ चे बोगदे खोदणारी यंत्रं त्याच्याच शील्डची वंशज, आणि तिथे प्लॅटफॉर्मच्या कडेला सरकती दारं आहेत. १८९० मधला फाटकवाला परत आला म्हणायचा, फक्त पगार घेत नाही.

लंडनमध्ये कॉर्नहिलला १९९४ पासून त्याचा पुतळा उभा आहे. चौथरा आतून पोकळ, बँक स्टेशनच्या हवेचा झरोका आहे तो. खाली १९८७ मध्ये खोदताना त्याच्या शील्डचा एक भाग सापडला. तो काढला नाही, लाल रंग देऊन तिथेच ठेवला. गाडी बदलणारे लोक रोज त्याच्यातूनच जातात.