आपोआप उघडणारे दरवाजे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला दिलेला विषय वेगळा होता. आमच्या छोट्या कारखान्याला मिळालेल्या पुरस्कारांबद्दल मी लिहावं, असं त्यांचं म्हणणं. धरणातल्या आणि कालव्यातल्या पाण्याची पातळी मोजणारी उपकरणं आम्ही करतो, त्यांना दोन-तीन ढाली मिळाल्या, हे खरं. पण त्यावर चार ओळींपलीकडे लिहिण्यासारखं काही नाही. शिवाय ज्या तत्त्वावर आमचं पहिलं उपकरण चाललं, ते शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातून वाहत जाणाऱ्या पाण्यावर एका माणसाने वापरून दाखवलं होतं. तेव्हा मंडळाची माफी मागून मी त्या माणसाबद्दल लिहितो.

आठवीत असताना आपली सहल भाटघरला गेली होती. पावसाळ्याची अखेर होती. धरणावर उभं राहून पाणी सुटताना बघत होतो, तेव्हा गुरुजींनी सांगितलं की हे दरवाजे कोणी उघडत नाही, पाणी भरलं की ते आपले आपण उघडतात. आपल्यातल्या निम्म्यांना ते पटलं नाही. आत कुणीतरी माणूस बसलेला असणार, अशी पैज लागली होती. परतीच्या वाटेवर गुरुजींनी विश्वेश्वरय्यांचं नाव घेतलं, आणि आपल्याला वर्गातला तो फेटा बांधलेला, चष्म्यातून रोखून बघणारा फोटो आठवला.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. जन्म १८६० चा (काही ठिकाणी १८६१ देतात). वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच पुढचं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कली पारितोषिक मिळालं. त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा सन्मान असा पुण्यातला आहे. कर्नाटकातली माणसं हे विसरतात, आणि आपणही आठवण करून देत नाही.

१८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले. नाशिक, खानदेश, मग सिंधमध्ये सक्करची पाणीपुरवठा योजना, सुरत, आणि पुन्हा पुणे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. नोकरी सरकारची, पण ऊठबस अशा लोकांत, हे त्या काळी सोपं नव्हतं.

आता दरवाज्यांची गोष्ट. वेल्ह्याच्या डोंगरातून उतरणारं आंबी-मोसेचं पाणी मुठेला मिळतं आणि खडकवासल्याच्या तलावात साठतं. इंग्रज त्याला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर आणि लष्कर याच पाण्यावर जगत होतं आणि पाणी पुरत नव्हतं. दर पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई येई. धरणाचा दगडी बांध वाढवायचा म्हणजे मोठा खर्च. विश्वेश्वरय्यांनी बांधाला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसवायचं ठरवलं. दरवाजे बंद असतील तेव्हा सुमारे आठ फूट पाणी जास्त साठेल आणि पूर येईल तेव्हा ते उघडतील.

पण उघडणार कोण? पूर मध्यरात्री येतो. चौकीदार झोपलेला असू शकतो किंवा वाटेतल्या ओढ्याने अडलेला असू शकतो. हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून त्यांनी ते काम पाण्यावरच सोपवलं. तलावाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की पाणी बाजूच्या विहिरीसारख्या हौदात शिरतं, तिथल्या वजनाचा तोल बदलतो आणि साखळीने जोडलेले दरवाजे उचलले जातात. पातळी उतरली की हौद रिकामा होतो आणि दरवाजे पुन्हा बसतात. माणूस नाही, वाफ नाही, वीज नाही. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला लागले. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच पद्धत गेली. मला विचाराल तर एखाद्या उपकरणाला याहून मोठा पुरस्कार नसतो. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने ते विकत घ्यावं, बसवावं आणि त्याबद्दल पुन्हा तक्रार येऊ नये.

भाटघरचे पंचेचाळीस दरवाजेही स्वयंचलितच. भोरमध्ये सगळे ते विश्वेश्वरय्यांनी बसवले असं सांगतात, पण मी तसं लिहिणार नाही. आजचं भाटघर धरण १९२० च्या दशकात पुरं झालं आणि तेव्हा त्यांना मुंबई इलाखा सोडून जवळजवळ वीस वर्षं झाली होती. भाटघरच्या पाण्याशी त्यांचा खरा संबंध आला तो खाली नीरा कालव्यावर. उसाला वाटेल तेवढं पाणी द्यायचं आणि बाकीच्यांनी कोरडं राहायचं, हे थांबवण्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, पिकं आलटून पालटून घ्यायची आणि पाणी मोजून द्यायचं. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला, वर्तमानपत्रांतून टीका झाली, मग ती रुजली. ती रुजली तरी गावं आमची बुडाली आणि ऊस खालच्यांचा पिकला, ही भोरकरांची कुरकुर काही गेली नाही. तिला विश्वेश्वरय्यांकडेही उत्तर नव्हतं.

दरवाज्यांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. सरकारी धरणावर ते बसवताना मिळू शकणारी रॉयल्टी मात्र त्यांनी घेतली नाही. पगार घेऊन केलेल्या कामाचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा हिशेब. त्यांच्याबद्दलची दोन मेणबत्त्यांची गोष्ट, सरकारी कामाला एक आणि घरच्या कामाला दुसरी, शाळेत आपल्याला दरवर्षी ऐकवली जायची. ती खरी असेल नसेल. रॉयल्टीची गोष्ट मला जास्त लागते, कारण तिच्या उलट्या बाजूला मी स्वतः उभा राहिलो आहे.

आमच्या पहिल्या पातळीमापकाचा तरंगणारा डबा गाळाने अडकायचा. सहा महिने मी डोकं आपटत होतो. उपाय काढला तो आपल्याच वर्गातल्या मित्राने. वेल्ह्याहून रोज एस. टी. ने येणारा, दहावीनंतर लेथवर बसलेला आणि पुढे माझ्याकडे आलेला. डबा वेगळ्या नळीत ठेवायचा आणि पाणी खालून बारीक भोकांतून आत घ्यायचं, ही कल्पना पूर्णपणे त्याची. त्या उपकरणाला ढाल मिळाली तेव्हा तिच्यावर कारखान्याचं आणि माझं नाव आलं. अर्ज मीच भरला होता. अर्जात त्याच्या नावासाठी रकाना होता. तो मी रिकामा सोडला. विश्वेश्वरय्यांनी हक्काचं होतं ते सोडलं आणि मी दुसऱ्याचं ठेवून घेतलं. हे त्याला मी कधी बोललो नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.

त्यांच्या पुढच्या सन्मानांची यादी लांब आहे, मी भराभर सांगतो. मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत हिंदी माणूस पोचत नसे. ते ओळखून १९०८ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं होतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून निजामाने त्यांना बोलावलं. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. म्हैसूर बँक आणि म्हैसूर विद्यापीठ त्याच काळातलं. १९१५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. कलकत्ता आणि मुंबई विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या आल्या. १९२३ मध्ये ते भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये नेहरू आणि भगवान दास यांच्याबरोबर त्यांना भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली, टपाल तिकीट निघालं, आणि ते बघायला ते स्वतः हयात होते.

पुढच्या वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं. वेल्ह्यातलं आंबी नदीवरचं ते मातीचं धरण अजून पुरं झालेलं नव्हतं आणि त्यात पाणी भरलं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवायची शिकस्त केली. सकाळी धरण गेलं आणि सगळं पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं. तेवढं पाणी कुठल्याच सांडव्याच्या, कुठल्याच दरवाज्याच्या हिशेबात नव्हतं. खडकवासल्याचा दगडी बांधही त्याच दिवशी फुटला आणि पुणं बुडालं. माझे वडील त्या वेळी पुण्यात शनिवार पेठेत नोकरीला होते. छपरावर बसून त्यांनी तो दिवस काढला. धरणाचं नाव निघालं की शेवटपर्यंत ते गप्प व्हायचे.

शंभरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांना त्या दिवशी बंगळुरात काय वाटलं असेल, हे मी अनेकदा मनात चाळवून पाहिलं आहे. साठ वर्षांपूर्वी त्यांनी जिथे आपले दरवाजे बसवले, त्या जागी आता खिंडार होतं. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. खडकवासल्याचा बांध पुन्हा उभा राहिला. आता तिथले दरवाजे यंत्राने उघडतात, आणि किती उघडायचे ते ठरवण्यासाठी पातळी मोजावी लागते. आमच्यासारख्यांचं पोट त्यावर चालतं.

मेळाव्याला मी ती ढाल घेऊन येतो आहे. मित्राचं नाव तिच्यावर कोरून घेतलंय. पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून ते मागे आहे. तो येणार आहे की नाही, ते अजून त्याने कळवलेलं नाही. वेल्ह्याकडच्या कुणाची त्याच्याशी गाठ पडली तर त्याला आग्रह करा.