लांबच्या लेन्समधून जवळचा माणूस : गुरुदत्त

स्मरणिकेचे संपादक दरवर्षी लेख मागतात आणि मी दरवर्षी पुढच्या वर्षी नक्की, असे सांगून सुटतो. या वेळी मात्र मीच विषय घेऊन त्यांच्याकडे गेलो. २०२५ साली गुरुदत्त यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. ते जन्मले आपल्या याच बंगळुरात, ९ जुलै १९२५ रोजी. इथे पोटासाठी आलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांची आठवण काढायला एवढे निमित्त पुरे आहे.

माझी त्यांच्याशी पहिली भेट मात्र फजितीची. १९७३ साल, मी बारा वर्षांचा. सांगलीत आमच्या गल्लीतल्या गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवत. त्या रात्री 'कागज के फूल' लावला आणि पडद्यावरची सगळी माणसे ताणल्यासारखी उंच आणि काडीसारखी बारीक दिसू लागली. पोरे हसली, बायका मुले घेऊन घरी गेल्या, अर्ध्यातच सिनेमा बंद झाला. गुरुदत्त म्हणजे काहीतरी विचित्र, एवढेच डोक्यात राहिले.

पुढे १९८४ साली बंगळूरला कारखान्यात लेन्स विभागात लागलो, तेव्हा उलगडा झाला. 'कागज के फूल' हा १९५९ सालचा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपची लेन्स रुंद दृश्य आडवे दाबून साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर बसवते. दाखवताना प्रोजेक्टरवर तशीच लेन्स लावून ते पुन्हा आडवे पसरावे लागते. आमच्या गल्लीत ती दुसरी लेन्सच नव्हती. दोष चित्रपटाचा नव्हता, आम्ही तो धड पाहिलाच नव्हता. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

त्यांचे मूळ नाव वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. घरची भाषा कोकणी, पण बालपण गेले कलकत्त्यात, त्यामुळे बंगाली अगदी मातृभाषेसारखी. आपल्या मंडळातल्या मुलांसारखेच म्हणा, घरात एक भाषा आणि दारात दुसरी. परिस्थिती बेताची, कॉलेज झाले नाही. अलमोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकले. कलकत्त्याला एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरीही केली. १९४४ साली पुण्याच्या 'प्रभात'मध्ये आले. तिथे धोब्याने शर्टांची अदलाबदल केली आणि त्यातून देव आनंदशी दोस्ती जमली. दोघांपैकी जो आधी वर येईल त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असे ठरले. देव आनंदने शब्द पाळला आणि १९५१ साली 'बाजी'चे दिग्दर्शन गुरुदत्तांकडे आले.

'बाजी'च्या सेटवरच त्यांना म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती भेटले. ते तेव्हा सहायक कॅमेरामन होते. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये घेतले होते. त्यांनी एक अवघड शॉट सुचवला आणि वरिष्ठांची परवानगी काढून स्वतः घेऊन दाखवला. गुरुदत्तांनी माणूस ओळखला. 'जाल'पासून 'साहिब बीबी और गुलाम'पर्यंत ही जोडी टिकली.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. त्या काळी जवळून चेहरा घ्यायचा तर साधारण ५० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा पुढे नेत. गुरुदत्त ७५ किंवा १०० मिलिमीटरची लेन्स मागत. अशा लेन्सने कॅमेरा लांब ठेवूनही चेहरा पडदाभर येतो. नाक-डोळे बेढब होत नाहीत, मागचे सगळे धूसर होते आणि नटाच्या अंगावर कॅमेरा येत नाही. मात्र फोकस फार अरुंद. नट थोडा पुढेमागे झाला तरी डोळे अस्पष्ट होतात, त्यामुळे फोकस सांभाळणाऱ्याची परीक्षाच. 'प्यासा' (१९५७) पुन्हा बघा. संवादांपेक्षा वहिदा रेहमान आणि गुरुदत्त यांचे डोळेच जास्त बोलतात.

'कागज के फूल'मधला तो प्रकाशाचा झोत तर सर्वांना माहीत आहे. स्टुडिओबाहेर एक मोठा आरसा उन्हात धरला, त्यातून ऊन आतल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तिथून खाली सोडले. पार्श्वभूमीला गीता दत्त यांचा आवाज. या छायाचित्रणासाठी मूर्तींना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पण चित्रपट सपशेल आपटला. एका दिग्दर्शकाचा उत्कर्ष आणि एकाकी अंत ही त्याची कथा. त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा कधीही दिले नाही. 'चौदहवीं का चाँद' खूप चालला, 'साहिब बीबी और गुलाम' नावाजला गेला, पण आत काही सावरले नाही. संसारही विस्कटला होता. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईच्या घरी, एकटे असताना ते गेले. वय अवघे ३९. ते अपघाताने की जाणूनबुजून, यावर आजही एकमत नाही.

मूर्तींना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. २०१४ साली बंगळुरातच त्यांचे निधन झाले.

हे लिहायला घेतले त्याचे खरे कारण आता सांगतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होता, आपल्याच भागातला, इथे एकटाच राहायचा. हळूहळू बोलेनासा झाला, डबा तसाच परत नेऊ लागला. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मी भिंगाखाली शोधून काढत असे, पण दोन हातांवर बसलेला माणूस मला दिसला नाही. एक दिवस राजीनामा देऊन गेला. कुठे गेला, ते कुणालाच कळले नाही. मी एकदा तरी विचारायला हवे होते.

निवृत्त झाल्यापासून आरती संपली की मी लगेच घरी जात नाही. नोकरीसाठी नव्याने आलेली, खोल्या घेऊन एकटी राहणारी मुले मागे उभी असतात. त्यांच्यात पंधरा मिनिटे बसतो. जेवण झाले का, घरी फोन केला का, एवढेच विचारतो. आपणही बसा.

यंदा पाचव्या दिवशी रात्री नऊ वाजता आपल्या मंडपात 'कागज के फूल' दाखवणार आहोत. पडदा पूर्ण रुंदीचा आहे, माणसे माणसांसारखीच दिसतील, याची जबाबदारी माझी! येताना शेजारच्या एकट्या माणसालाही घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!