तहानलेली गाडी आणि माहेरची वाट

उन्हाळ्यात घाट चढताना एखादी गाडी कडेला उभी असलेली आपण हमखास पाहतो. बॉनेट उघडलेलं, आतून वाफेचे लोट आणि हातात पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली घरची मंडळी. ‘गाडी तापली,’ एवढंच आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण मैत्रिणींनो, गाडीला पाणी किती लागतं हे रस्त्यावर उतरून सगळ्यात आधी कुणी अनुभवलं असेल? एका बाईने! तेही दोन मुलांना घेऊन माहेरी जाताना. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावातला. सोन्याच्या दागिन्यांच्या कारागिरीसाठी हे गाव प्रसिद्ध. वडील बांधकामाच्या धंद्यातले, खाऊन-पिऊन सुखी घर. तिच्या जन्माची नोंद करताना, पुन्हा मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलमध्ये हळहळ लिहून ठेवली होती, असं सांगतात. थोरल्या बर्थाच्या वाचनात ती नोंद आली आणि मनाला लागली. मुलगी आहे म्हणून कमी लेखलं जाण्याचं दुःख काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या काळी तिथेही मुलींना विद्यापीठाची दारं बंदच होती. पण यंत्रं कशी चालतात याचं कुतूहल बर्थाला लहानपणापासून होतं.

पुढे तिची ओळख कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी झाली. हुशार, कष्टाळू, पण खिशात दमडी नाही. त्याच्या कारखान्यातला भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि सगळं बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने काय करावं? लग्नाच्या आधीच आपल्या हुंड्याची रक्कम वडिलांकडून मागून घेतली आणि त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला मोकळं केलं. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं. गंमत बघा, लग्नाआधी आपला पैसा कुठे घालायचा हे ती ठरवू शकत होती, पण लग्न झाल्यावर तिथल्या कायद्याने तो कारभार नवऱ्याच्या हातात गेला! पैसा तिचा, पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही.

पुढची वर्षं ओढगस्तीची होती. एकामागून एक मुलं, कारखान्यावर जप्तीची टांगती तलवार आणि इंजिन काही केल्या चालू होईना. अखेर १८७९ च्या शेवटच्या रात्री, सगळं गाव नव्या वर्षाच्या स्वागतात असताना, या दोघांच्या वर्कशॉपमध्ये इंजिन धडधडायला लागलं. आणि २९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. घोड्याशिवाय चालणारी गाडी!

पण ती घेणार कोण? लोक बिचकायचे. कार्लचा स्वभावही असा, की अजून थोडं सुधारू, अजून थोडं नीट करू, यातच दिवस जायचे. मानहाइम शहराच्या आसपास थोडं फिरवून गाडी परत कारखान्यात. इकडे घरातला पैसा संपत चाललेला. हुंडा तर कधीच त्यात गेला होता. ही गाडी लांबवर जाऊ शकते, हे लोकांना दाखवल्याशिवाय ती खपणार नाही, हे बर्थाने ओळखलं.

ऑगस्ट १८८८. मुलांना शाळेची सुट्टी होती. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड, यांना बरोबर घेऊन बर्था पहाटे घराबाहेर पडली. नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. जायचं कुठे? तर फोर्झहाइमला, आईकडे! शंभर किलोमीटरच्या वर अंतर. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती.

आता त्या गाडीची एक अडचण समजून घ्या. पेट्रोलसारखं इंधन जळलं की त्यातली थोडीच ताकद चाकांपर्यंत जाते, बरीचशी उष्णता होऊन इंजिनातच राहते. ती काढून घेतली नाही तर लोखंड तापून इंजिन जाम होतं. म्हणून कार्लने इंजिनाच्या सिलिंडरभोवती पाणी ठेवलं होतं. पण आजच्यासारखा रेडिएटर त्या गाडीला नव्हता. चुलीवरच्या उघड्या पातेल्यासारखं ते पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. म्हणजे गाडी जितकी चालेल तितकं पाणी कमी होणार. गावात चार फेऱ्या मारताना हे जाणवत नव्हतं. लांबच्या रस्त्यावर मात्र पाणी हाच मोठा प्रश्न झाला.

मग काय, वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबायचं. खाणावळीतून मागून घ्यायचं, ओढ्यातून भरायचं, अगदी रस्त्याकडेच्या डबक्यातलंही चालवून घ्यायचं. आई आणि दोन पोरं, पाणी आणून आणून गाडीला पाजत होती. गाडी कसली, तहानलेलं जनावरच ते!

इंधनाचीही तीच तऱ्हा. पेट्रोल पंप तर कुठेच नव्हते. कपड्यांवरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात लिग्रोइन नावाचं द्रव्य मिळायचं, त्यावर ही गाडी चालायची. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून बर्थाने ते घेतलं. म्हणूनच ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

इंधनाची नळी तुंबली, तर बर्थाने टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. एका तारेचं आवरण झिजलं, तर मोजा बांधायचा पट्टा तिला गुंडाळला. साखळी कुरकुरली, तर लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. चढावर गाडी दमायची, मग खाली उतरून ढकलायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका गावात चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला आपण ब्रेक लायनिंग म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

संध्याकाळी तिघं धुळीने माखून फोर्झहाइमला पोचली आणि बर्थाने नवऱ्याला तार करून खुशाली कळवली. काही दिवसांनी ती त्याच गाडीने परतही आली! चढावर ताकद कमी पडते, ब्रेक तोकडे पडतात, हे सगळं तिने कार्लला सांगितलं. त्याने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात या गाडीला सुवर्णपदक मिळालं. आणि १८९९ साली बेंझ यांच्या कंपनीने एका वर्षात ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा जगात एवढ्या गाड्या कुणीच बनवत नव्हतं.

गाडीची तहान भागायला मात्र आणखी काही वर्षं गेली. १९०० च्या शेवटी विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. आठ हजारांहून जास्त बारीक नळ्यांमधून वारा खेळायचा, त्यामुळे पाणी गार होऊन पुन्हा इंजिनात जायचं. पस्तीस हॉर्सपॉवरच्या त्या दणकट गाडीला जेमतेम नऊ लिटर पाणी पुरायला लागलं. उडून जाणारं पाणी आता फिरतं झालं.

आजच्या आपल्या लहान गाडीत साधारण चार ते सहा लिटर कूलंट असतं, मोठ्या गाडीत आठ-दहा लिटरपर्यंत. पण हे सगळं रेडिएटरमध्ये नसतं बरं का! बरंचसं इंजिनात, पाइपांत आणि हीटरमध्ये असतं. म्हणून रेडिएटरखालचा नळ सोडला तरी सगळं बाहेर येत नाही. बदलताना मेकॅनिकने किती काढलं आणि किती भरलं, हे विचारायला लाजू नका. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. रोजच्यासाठी एवढंच करा. सकाळी गाडी गार असताना प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे ना, हे बघा. वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे असं समजा. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असतं, तेव्हा त्याचा डबा मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून लांबच ठेवा.

कार्ल १९२९ साली गेला. त्याच्या आधी आपल्या आठवणींच्या पुस्तकात, सगळं बुडत असताना एकटी बर्थाच पाठीशी उभी होती, याची त्याने मनमोकळी कबुली दिली. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं लाडेनबुर्गच्या घरात राहिली. ज्या काळात मुलींना विद्यापीठात जाता येत नव्हतं त्या काळात वाढलेल्या या बाईला, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने मानद सेनेटर केलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, तिने डोळे मिटले. तिने ज्या वाटेने गाडी नेली, तो रस्ता २००८ पासून तिच्या नावाने ओळखला जातो.

मुलगी झाली म्हणून हळहळलेल्या त्या घराकडेच ती गाडी घेऊन गेली होती, वाटेत घोट घोट पाणी पाजत. उद्या गाडीचं बॉनेट उघडताना तिची आठवण काढा. आणि घरातल्या लेकीलाही जवळ बोलवा, त्या दोन रेघा तिलाही दाखवा.